कानाच्या नसेवरील गाठ : एका जुन्या वादाचा इतिहास

माधवगंजात कोणी मोठ्या आजारातून उठून घरी परतला की त्याला भेटावयास येणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी शेजारी, दुसऱ्या दिवशी आप्त आणि मग आठवडाभरात ती सारी घराणी, ज्यांच्या पूर्वजांनी १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत आमच्या पूर्वजांच्या तंबूशेजारी तंबू ठोकले होते. २०२२ च्या मार्चमध्ये आम्ही दिल्लीहून परतलो तेव्हा हा क्रम यथासांग पार पडला. उजव्या कानामागे टाक्यांची ताजी खूण, उजवा गाल किंचित ओघळलेला, हातात काठी, अशा अवस्थेत आम्ही ओसरीवर बसत असू आणि येणारा प्रत्येक जण चहाचा कप हाती घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारी, "गाठ पूर्ण काढली ना?"

आम्ही खरे तेच सांगत होतो. पूर्ण काढली नाही. चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला तिचा एक पातळ पापुद्रा शल्यविशारदांनी जाणूनबुजून तसाच ठेवला आहे. हे ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटे तो आम्ही सरकारी नोकरीत पुष्कळदा पाहिलेला होता. काम अर्धवट ठेवून फाइल बंद करणाऱ्या बाबूकडे लोक असेच पाहतात. आमच्या गल्लीतील तात्या, वय वर्षे पंच्याऐंशी, यांनी तर तो भाव शब्दांतच मांडला. "अरे, दिल्लीपर्यंत गेलास आणि गाठ ठेवूनच आलास?"

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री लागली होती, हे येथे मुद्दाम नमूद करतो. तात्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता. आयुष्यभर महसुली दप्तरे चाळलेल्या माणसाला 'शिल्लक' हा शब्द नेहमीच अस्वस्थ करतो. तेव्हा सवयीप्रमाणे आम्ही या प्रकरणाची मागील कागदपत्रे पाहण्याचे ठरविले. ती पाहू जाता असे ध्यानात आले की, तात्यांनी आम्हांस विचारलेल्या प्रश्नावर या विषयातील दोन थोर शल्यविशारदांचे शंभर वर्षांपूर्वी कायमचे बिनसले होते. त्या वादाची हकीकत सांगावी, हा या लेखाचा हेतू.

प्रथम गाठीविषयी थोडेसे. कवटीतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी आठवी जोडी कानाची. तिचे एक अंग ऐकण्याचे आणि दुसरे शरीराचा तोल सांभाळण्याचे. हाडातील एका अरुंद बोगद्यातून ही नस कानाकडे जाते आणि त्याच बोगद्यातून तिच्या खांद्याला खांदा लावून सातवी, म्हणजे चेहरा हलविणारी नस जाते. नसेभोवती एक आवरण असते. ते ज्या पेशींचे बनते त्यांना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. तोल सांभाळणाऱ्या अंगावरील या श्वान पेशी कधी कधी बेसुमार वाढू लागतात आणि त्यांची गाठ बनते. पूर्वी तिला श्रवणनसेची गाठ म्हणत. १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने ती वस्तुतः तोलाच्या नसेवरील, श्वान पेशींची गाठ आहे म्हणून 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' हे नाव वापरावे असे सुचविले. जुने नाव अद्याप सुटलेले नाही.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही आणि फार सावकाश वाढते. बहुधा वर्षाला एकदोन मिलिमीटर, काहींची तर वर्षानुवर्षे वाढतच नाही. दर वर्षी लाखात एखाद्या माणसात ती आढळते. मग तिची इतकी भीती का? कारण तिची जागा. हाताच्या पाठीवर अशी गाठ आली असती तर कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिले नसते. परंतु लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांच्यामधील ज्या कोपऱ्यात ती वाढते तेथे एका बोराएवढीही जागा मोकळी नसते, आणि तो देठ श्वास व हृदय चालविणारा. स्वभावाने सौम्य आणि जागेमुळे जीवघेणी, अशी तिची ओळख सांगता येईल.

आमची सुरुवात फोनपासून झाली. आम्ही जन्मभर फोन उजव्या कानास लावीत आलो. निवृत्तीनंतर केव्हातरी तो आपोआप डाव्या कानास लावू लागलो, आणि हे आमच्या नव्हे तर सौभाग्यवतींच्या लक्षात आले. मग उजव्या कानात रातकिड्यासारखा आवाज सुरू झाला. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी मळ काढला, वयाचा दाखला दिला आणि आम्हांस परत पाठविले. त्यात दीड वर्ष गेले. त्यांचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. एका बाजूचा कान दुसऱ्याच्या मानाने उगाच मंद होत असेल तर ते वय नव्हे, कारण वय दोन्ही कानांना सारखेच होते, एवढे मात्र वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढे चालताना तोल जाऊ लागला तेव्हा श्रवणाची चाचणी आणि एमआरआय झाला. २.८ सेंटीमीटरची गाठ निघाली.

ही गाठ प्रथम पाहिली ती हॉलंडमधील लायडन येथील एडवार्ड सांडिफोर्ट या शरीरशास्त्रज्ञाने, १७७७ साली, एका मृतदेहाच्या विच्छेदनात. श्रवणनसेला चिकटलेली ती लहानशी कठीण गाठ त्याने वर्णिली. त्यापुढे शंभराहून अधिक वर्षे ही गाठ केवळ मृत्यूनंतर दिसत राहिली. जिवंत माणसाच्या कवटीत हात घालण्यास आधी भूल आणि निर्जंतुकता या दोन गोष्टी हव्या होत्या, आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आल्या.

१८९४ साली लंडनमध्ये सर चार्ल्स बॅलन्स यांनी एका स्त्रीच्या कवटीतील या जागेची गाठ काढली. ती जगली, परंतु चेहऱ्याची ती बाजू गेली आणि पुढे त्या बाजूचा डोळाही काढावा लागला. ती गाठ खरोखर याच जातीची होती किंवा कसे, याविषयी आज अभ्यासकांना शंका आहे. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८९५ साली, एडिंबरा येथे थॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका पंचवीस वर्षांच्या गर्भवती स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. ती बरी झाली आणि यथाकाल तिला मूलही झाले. या गाठीतून नीट बरे झालेले पहिले माणूस म्हणून इतिहास तिचीच नोंद करतो. ते वर्षही कसे, ज्या वर्षाच्या अखेरीस राँटजेनना क्ष-किरण सापडले. म्हणजे अ‍ॅनंडेल यांनी ती गाठ कोणत्याही चित्रावाचून, केवळ रोग्याच्या लक्षणांवरून ओळखली. आमच्याकडे लष्करात त्या सुमारास, शतकाच्या अखेरीस, माधवरावांच्या कारकीर्दीत जयाजीरावांच्या नावाने जयारोग्य रुग्णालय उभे राहत होते. तेथून आमचे घर जवळ आहे. त्या वेळी माधवगंजात कोणाला ही गाठ झाली असेल तर घरच्यांनी त्यास बहिरेपण, मग वात, मग पक्षाघात आणि शेवटी दैव म्हटले असेल.

अ‍ॅनंडेल यांच्या यशाने जी आशा उत्पन्न झाली तिचे पुढील पंधरा वीस वर्षांत काय झाले ते वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळची पद्धत अशी होती की, कवटीत भोक पाडावयाचे, बोट आत सरकवावयाचे आणि फणसातला गरा काढावा तशी गाठ बोटाने उपटून काढावयाची. बर्लिनचे क्राउझ, व्हिएन्नाचे आयझेल्सबर्ग, लंडनचे हॉर्सली ही त्या काळची मोठमोठी नावे, आणि त्यांच्याही हाताखाली शंभरातील सदुसष्टपासून चौऱ्यांशीपर्यंत रोगी दगावत. म्हणजे साधारणतः चार जण टेबलावर घेतले तर तिघे जात. गाठ मात्र पूर्ण निघे! तात्यांच्या कसोटीवर ह्या सर्व शस्त्रक्रिया उतरल्या असत्या.

हे मृत्यू का होत होते, याचे उत्तर फार उशिरा, १९४९ साली अ‍ॅटकिन्सन यांनी दिले. गाठीच्या अंगावरून एक बारीक रोहिणी जाते आणि ती मेंदूच्या देठाला रक्त पुरविते. बोटाने गाठ उपटताना ती तुटे आणि गाठीबरोबर माणूसही निघून जाई. तोपर्यंत पन्नास वर्षे शल्यविशारद ही गोष्ट न कळता त्या रोहिणीशी झगडत होते.

या अंधारात हार्वे कुशिंग हा मनुष्य आला. अमेरिकेतील बॉस्टनच्या रुग्णालयात काम करणारा हा शल्यविशारद आमच्यासारख्या दप्तरी माणसास फार जवळचा वाटतो, कारण त्याची खरी प्रतिभा जितकी हातात होती तितकीच नोंदवहीत होती. (साहित्यसभेच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. याच कुशिंगला आपले ज्येष्ठ मित्र सर विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राबद्दल १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.) प्रत्येक रोग्याची लक्षणे कोणत्या क्रमाने उद्भवली ते तो लिहून ठेवी. रोग्याची छायाचित्रे काढवी, काढलेली गाठ बरणीत जपून ठेवी. बरे होऊन गेलेल्या रोग्यांनी दर वर्षी शस्त्रक्रियेच्या तिथीला आपली खुशाली पत्राने कळवावी, असा त्याचा दंडक होता. हे सारे सांभाळणाऱ्या लुईझ आयझेनहार्ट या विदुषी पुढे स्वतः या शास्त्राच्या मोठ्या जाणकार झाल्या आणि १९४४ साली निघालेल्या अमेरिकन नियतकालिकाच्या पहिल्या संपादक झाल्या. कुशिंगच्या त्या बरण्या आणि छायाचित्रांच्या काचा त्याच्यामागे येल विद्यापीठात एका वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या होत्या. विद्यार्थी चोरून तेथे जाऊन त्या पाहत. २०१० साली त्यांचे नीट संग्रहालय झाले. आपल्याकडील कित्येक दप्तरखान्यांतील बस्त्यांचे असे भाग्य अजून उजाडलेले नाही, पण तो विषय निराळा.

१९१७ साली कुशिंगने या एकाच गाठीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तीसेक रोग्यांची तपशीलवार हकीकत त्यात आहे. गाठीच्या लक्षणांचा क्रम त्याने ठरवून दिला. प्रथम कान, मग तोल, मग चेहऱ्याचा बधिरपणा, मग डोकेदुखी व दृष्टी. आमचा क्रम पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबला, हे आमचे भाग्य. परंतु ग्रंथाचा खरा मुद्दा वेगळाच होता. कुशिंगने सांगितले की, गाठ पूर्ण काढावयाची नाही. तिच्यात शिरून आतला गर खरवडून काढावयाचा, म्हणजे मेंदूवरचा दाब उतरेल, आणि बाहेरची साल, जी नसांना आणि देठाला चिकटलेली असते, तिला हात लावावयाचा नाही. या संयमाचा परिणाम असा झाला की, जेथे शंभरातील सत्तर ऐंशी मरत होते तेथे कुशिंगच्या हाताखाली ते प्रमाण विसाच्या आसपास आले आणि त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस चारापर्यंत उतरले.

शंभरातील शहाण्णव वाचू लागले. मग वाद कशाचा?

वाद शिल्लक राहिलेल्या सालीचा. ती काही निर्जीव नव्हती. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी ती पुन्हा वाढे आणि रोगी परत येई, पुष्कळदा पहिल्याहून वाईट अवस्थेत. कुशिंगची वार्षिक पत्रांची फाइलच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. ती त्याने नष्ट केली नाही, हे त्याचे मोठेपण.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वॉल्टर डँडी हा कुशिंगच्याच हाताखाली शिकलेला. १९१२ मध्ये कुशिंग बॉस्टनला गेला तेव्हा त्याने डँडीला सोबत नेले नाही. दोघांचे सूत आधीच बिघडले होते. १९२२ साली डँडीने एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. आतला गर काढून झाल्यावर रिकाम्या पिशवीसारखी झालेली साल हलकेच ओढून, एकेक रक्तवाहिनी बंद करीत, डोळ्यांसमोर पूर्ण सोडविता येते आणि रोगी जगतो, असे त्यात म्हटले होते. कुशिंगला त्याचा इतका संताप आला की त्याने तसे कडक पत्र लिहिले. आपल्या कामाचा यथोचित उल्लेख नाही, हा त्याचा आक्षेप होता. डँडीनेही माघार घेतली नाही. पुढे दोघे हयात असेपर्यंत हा दुरावा मिटला नाही. गुरुशिष्यांची अशी भांडणे ग्वाल्हेरच्या गायकीत आपण बैठकीच्या कोपऱ्यात दबक्या आवाजात ऐकली आहेत. ती तेथे बोलून दाखविली जातात, येथे ती छापली गेली, इतकाच काय तो फरक.

दीर्घकालीन हिशेबात डँडी बरोबर ठरला. गाठ पूर्ण गेली की ती बहुधा परत येत नाही. पण त्याची किंमत दुसऱ्या खात्यावर पडत होती. सातवी नस गाठीच्या अंगावर ताणून ताणून कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ झालेली असते. पूर्ण गाठ काढताना ती हमखास तुटे. रोगी जगे, चालू लागे, आणि जन्मभर अर्धा चेहरा लुळा घेऊन वावरे. डोळा मिटत नसे, पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून सांडे. ज्यांना हे क्षुल्लक वाटेल त्यांनी आठ दिवस तरी उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावून झोपून पाहावे. आम्ही अकरा आठवडे झोपलो. १९३१ साली ह्यू केर्न्स यांनी लंडनमध्ये चेहऱ्याची नस वाचवून पूर्ण गाठ काढल्याचे नोंदविले. स्टॉकहोमच्या ओलिव्हक्रोना यांनी त्या दिशेने पुष्कळ प्रयत्न केले. तथापि उघड्या डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर चालणाऱ्या हातांची तेथे सीमा होती.

ती सीमा ओलांडली एका दंतवैद्याने. विल्यम हाऊस हे लॉस एंजेलिसचे कर्णशल्यविशारद मुळात दंतवैद्यकीचे पदवीधर. दातांसाठी वापरावयाचे बारीक फिरते यंत्र आणि कानाच्या शस्त्रक्रियेत नुकतेच रुळलेले सूक्ष्मदर्शक ह्या दोन गोष्टी घेऊन १९६०च्या दशकारंभी ते कानाच्याच हाडातून गाठीपर्यंत पोचले. मेंदूच्या शल्यविशारदांनी हे अतिक्रमण मानले आणि बराच काळ विरोध केला. पण सूक्ष्मदर्शकाखाली सातवी नस स्पष्ट दिसू लागली, हे कोणालाच नाकारता आले नाही. पुढे सर्वांनीच सूक्ष्मदर्शक घेतले. १९७९ पासून आणखी एक सोय झाली. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया ठेवतात आणि शल्यविशारदाचे हत्यार नसेला नुसते हुंगले तरी ध्वनिवर्धकातून आवाज येतो. आमच्या शस्त्रक्रियेत हीच व्यवस्था होती. आमचा कान कायमचा बंद होत होता त्या साडेसात तासांत आमचा चेहरा शल्यविशारदांशी बोलत होता, असे नंतर त्यांच्या तरुण सहायकाने सांगितले. त्यास आम्ही मनोमन शंभर गुण दिले.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोर येथे १९४९ साली काढला. पुढल्या वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम आरंभिले. मुंबईत डॉ. गिंडे आणि के.ई.एम.चे डॉ. होमी दस्तूर हे या शास्त्राचे आद्य पुरुष. दिल्लीचे एम्स १९५६ चे. ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ चे, म्हणजे एम्सहून वयाने वडील, पण तेथे मेंदूची शस्त्रक्रिया पुष्कळ पुढे आली. आमच्या लहानपणी डोक्याच्या दुखण्यासाठी मुंबईस जाणे हे काशीयात्रेसारखे होते. लोक निरोप घेऊनच जात. आपल्या देशातील या गाठींविषयी जुने डॉक्टर नेहमी सांगत की, पाश्चात्य पुस्तकांत लहान गाठींची चित्रे असतात आणि आमच्यापुढे येतो तो रोगी आंधळा झाल्यावर येतो. कान गेला तर माणूस तक्रार करीत नाही, वय झाले म्हणतो. तोल गेला तर अशक्तपणा म्हणतो. सीटी स्कॅन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि एमआरआय त्यानंतर दहाएक वर्षांनी या देशात आले. तेव्हापासून चित्र पालटू लागले. आता एमआरआय ग्वाल्हेरातच होतो.

आणि आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ. गेल्या पंचवीसतीस वर्षांत, सर्व साधने हाताशी असताना, मोठ्या गाठींच्या बाबतीत अनेक शल्यविशारद पुन्हा कुशिंगच्या वाटेला वळले आहेत. नस सुटत नसेल तर तिच्यावरचा पापुद्रा ठेवून द्यावा, असे ते म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांनी गुरूचा विजय झाला काय? प्रथमदर्शनी आम्हांसही तसे वाटले आणि आम्ही मोठ्या उत्साहाने तात्यांकडे निघालो होतो. परंतु कागद पुन्हा पाहता ते खरे नाही. कुशिंगने ठेवलेली साल जाड होती, ती सर्व बाजूंनी होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाके घातल्यावर तिचे काय होते ते पाहण्याचा कोणताही मार्ग त्याच्याजवळ नव्हता. रोगी आंधळा होऊन परत येई तेव्हाच कळे. आमच्या डोक्यातील पापुद्रा एकदोन मिलिमीटरचा, एकाच जागी, आणि दर वर्षी एमआरआयमध्ये मोजला जाणारा आहे. तो वाढू लागलाच तर कवटी न उघडता किरणांच्या नेमक्या माऱ्याने त्यास आवर घालता येतो. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी ती युक्ती या गाठीवर १९६९ साली प्रथम वापरली आणि तिचे गामा नाइफ नावाचे यंत्र दिल्लीच्या एम्समध्ये १९९७ साली आले. साल ठेवण्याचा निर्णय कुशिंगचा, ती पारखून अगदी पातळ करण्याचा हात डँडीचा, नस दाखविणारा डोळा हाऊसचा आणि पुढचा पहारा लेक्सेलचा. हे चौघे एका टेबलाशी कधीच बसले नसते, निदान पहिले दोघे तरी.

हे आम्ही तात्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दर वर्षी भीती आहेच की." आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी लागला की एमआरआयच्या त्या बोगद्यातील ठोके आम्हांस आधीपासून ऐकू येऊ लागतात, आणि तेही बंद कानात.

बरे होणे म्हणजे काय, याविषयी आता थोडे लिहितो, कारण येथे येणारी मंडळी दुसरा प्रश्न तोच विचारीत. तोल प्रथम गेला. पहिले काही दिवस खाट होडीसारखी हाले. मग व्यायाम सुरू झाले. मान न हलविता नजर फिरविणे, नजर न हलविता मान फिरविणे, चेंडू या हातातून त्या हातात उडविणे, डोळे मिटून चालणे. हे व्यायाम दुसऱ्या महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी लंडनमध्ये कॉथॉर्न व कुक्सी यांनी बसविले. चेंडू उडविण्यात आमचा भागीदार आमचा नातू होता. त्याला ते युद्ध अथवा दुखणे वाटले नाही, आजोबांना अखेर खेळावयास वेळ मिळाला इतकेच वाटले. एका बाजूची तोलनस गेली तरी मेंदू दुसऱ्या बाजूच्या आणि डोळ्यांच्या आधारे नवा हिशेब मांडतो. तीन महिन्यांत काठी सुटली. मात्र अंधारात डोळ्यांचा आधार जातो, म्हणून रात्री वीज गेली की आम्ही गल्लीत आजही भिंतीला हात लावून चालतो.

चेहरा सावकाश आला. याची मोजणी १९८५ पासून हाऊस आणि ब्रॅकमन यांच्या नावाच्या सहा पायऱ्यांवर करतात (हे हाऊस विल्यम यांचे पुतणे). पहिली म्हणजे निरोगी, सहावी म्हणजे पूर्ण लुळा. आम्ही चौथीवर होतो, आठ महिन्यांनी दुसरीवर आलो. नीट पाहणाऱ्यासच आता कळते. पापुद्रा सोलून काढला असता तर बहुधा सहावीवर राहिलो असतो, असे शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले. पुढल्या वर्षी नातवाची मुंज झाली तेव्हा छायाचित्रकाराने हसा म्हटल्यावर आम्ही हसलो. हे वाक्य लिहिण्यासाठी आम्हांस एवढा लेख लिहावा लागला आहे.

कान गेला तो गेला. हे मान्य करण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. एका कानाने ऐकू येते, पण आवाज कोठून आला ते कळत नाही. महाराज बाड्यावर मागून हॉर्न वाजला की आम्ही चारी दिशांना पाहतो. लग्नाच्या पंगतीत उजवीकडे बसलेल्या गृहस्थांना आम्ही गर्विष्ठ वाटतो. बंद बाजूचा आवाज चालू बाजूस पोचविणारे यंत्र वापरून पाहिले, ते मानवले नाही. १९१८ साली भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालयाची घडी बसविली त्या गावात जन्मलेल्या माणसाला तानपुऱ्याच्या चार तारा एकाच बाजूने ऐकू याव्यात, याचे दुःख आम्ही कोणास सांगावे? २०२२ च्या डिसेंबरात तानसेन समारोहास गेलो तेव्हा पहिल्या रात्री उठून आलो. जोड कोठे आणि गाणे कोठे, काही उमगेना. दुसऱ्या रात्री मुलाने आम्हांस मंडपाच्या अगदी उजव्या टोकास बसविले, म्हणजे रंगमंच डाव्या कानास आला. तेथून ऐकले. पूर्वीसारखे नव्हते. पण मध्यरात्रीनंतर केव्हातरी आपण कोणत्या कानाने ऐकतो आहोत याचा विसर पडला.

कुशिंगच्या रोग्यांप्रमाणे आम्हीही दर वर्षी शस्त्रक्रियेच्या तारखेस एक नोंद लिहितो. पाठवावयाची कोणास, म्हणून ती आमच्याच वहीत राहते. पहिल्या वर्षीची नोंद : 'डोळा मिटतो. थेंब बंद. पापुद्रा १.८ मिमी.' दुसऱ्या वर्षीची : 'सायकल पुन्हा चालवून पाहिली, सौ. रागावल्या. पापुद्रा १.८.' तिसऱ्या वर्षीची : 'पापुद्रा १.७. डॉक्टर म्हणाले, हा फरक मोजणीतला आहे, धरू नये. तात्या म्हणाले, धर.'